विरजणाचा आजार आणि क्रिस्परचा उलटा प्रवास

पीएचडीच्या पहिल्याच प्रगती-आढाव्याला समितीतल्या एका सरांनी मला विचारलं होतं, "सगळं ठीक आहे, पण याचा उपयोग काय?" मी काहीतरी उत्तर दिलं. 'भविष्यात औषधनिर्मितीत', 'शेतीत' असे दोन-तीन मोघम शब्द त्यात होते. सरांनी मान डोलावली आणि पुढची स्लाइड मागितली. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

तुमच्यातले जे नेट किंवा पेटच्या तयारीत आहेत, संशोधनाचा प्रस्ताव लिहायला घेताहेत, त्यांनाही हा प्रश्न येणार आहे. म्हणून आज जीनोमिक्सच्या इतिहासातली एक गोष्ट नीट, क्रमाने सांगते. ती पाठ्यपुस्तकात बहुतेक वेळा शेवटाकडून सुरू होते: २०२०चं नोबेल, क्रिस्पर नावाची 'जनुकीय कात्री', दोन शास्त्रज्ञ. इतिहास म्हणून पाहिलं तर ती दह्यापासून सुरू होते, आणि उपयोगाच्या प्रश्नाचं एक वेगळंच उत्तर देते.

दही न लागण्याचा प्रश्न

घरी आपण कालच्या दह्याचा चमचा कोमट दुधात घालतो आणि सकाळी दही लागलेलं असतं. कधीतरी लागत नाही. मग आपण थंडीला दोष देतो आणि शेजारून विरजण आणतो. घरच्या विरजणात अनेक प्रकारचे जिवाणू एकत्र नांदत असतात. त्यातला एक आजारी पडला तरी दुसरा काम भागवतो.

कारखान्यात असं चालत नाही. रोजचं दही किंवा चीज एकाच चवीचं, एकाच घट्टपणाचं हवं, म्हणून तिथे निवडक, शुद्ध वाणांचं कल्चर वापरतात. दही आणि मोझरेला चीजसाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा जिवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. हजारो लिटर दुधात एकाच वाणाचे अब्जावधी जिवाणू वाढत असतात. अशा ठिकाणी त्या वाणाला मारणारा विषाणू, म्हणजे फाज, शिरला की संपलंच. एका जिवाणूत शिरलेला फाज काही वेळात स्वतःच्या अनेक प्रती करून बाहेर पडतो, त्या प्रती शेजारच्या पेशींत शिरतात, आणि काही तासांत टाकीतलं सगळं कल्चर मरतं. आम्ल तयार होत नाही आणि दूध वाया जातं.

हे कारण ठाऊक झालं १९३५ मध्ये. न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी दाखवून दिलं की चीजचं कल्चर अचानक बंद पडण्यामागे फाज असतात. त्यानंतर डेअऱ्यांनी आपापले उपाय शोधले. टाक्या क्लोरीनने धुवायच्या. आज एक वाण, उद्या दुसरा, परवा तिसरा, असं आलटून पालटून वापरायचं, म्हणजे फाजला जम बसवायला वेळ मिळत नाही. आणि तिसरा उपाय आपल्या गोष्टीसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे: फाजचा हल्ला होऊ द्यायचा, त्यातून जे थोडे जिवाणू वाचतील ते वेगळे काढायचे, वाढवायचे, आणि नवं कल्चर म्हणून वापरायचे.

हा तिसरा उपाय कामाचा होता. वाचलेले वाण त्या फाजला खरोखरच दाद देत नसत. पण ते का वाचले, हे पुष्कळ वाणांच्या बाबतीत कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. हे लक्षात ठेवा. उपयोग आधी होता, ज्ञान नंतर आलं.

ज्या अक्षरांचा अर्थ लागत नव्हता

आता डेअरी बाजूला ठेवून १९८७ सालच्या जपानमध्ये जाऊ. ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि सहकारी ई. कोलाय जिवाणूतल्या 'आयएपी' नावाच्या जनुकाचा क्रम वाचत होते. जनुकाच्या शेजारी त्यांना विचित्र रचना दिसली. २९ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येत होता, आणि दर दोन तुकड्यांच्या मध्ये ३२ अक्षरांचा प्रत्येक वेळी वेगळा मजकूर होता. त्यांनी ती जशी दिसली तशी नोंदवली आणि तिचं जैविक महत्त्व ठाऊक नाही असं लिहून पेपर संपवला. आज कुणी असं वाक्य लिहिलं तर रिव्ह्यूअर काय म्हणेल, याचा विचार मनात येतोच!

दुसरा धागा स्पेनमधला. फ्रान्सिस्को मोहिका हा अलिकांते विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी. त्याचा विषय होता जवळच्याच सांता पोला इथल्या मिठागरातला एक सूक्ष्मजीव, हॅलोफेरॅक्स मेडिटेरानिआय. इतक्या खाऱ्या पाण्यात हा जगतो कसा, एवढाच प्रश्न. डीएनएचे तुकडे वाचताना त्याला ३० अक्षरांचा आवर्ती मजकूर दिसला, मध्ये साधारण ३६ अक्षरांचं अंतर. १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ई. कोलाय आणि हा मिठातला जीव उत्क्रांतीच्या झाडावर एकमेकांपासून फार दूर आहेत. मग दोघांत एकाच धाटणीची रचना कशी? मोहिकाला हा प्रश्न सोडवेना.

१९९५ मध्ये त्याने एक अंदाज मांडला: पेशी दुभंगताना डीएनएची वाटणी करण्यात या रचनेचा हात असावा. हा अंदाज चुकीचा ठरला. मला हा भाग मुद्दाम सांगायचा आहे, कारण विजयाच्या गोष्टींतून तो हमखास गाळला जातो. मोहिका जवळजवळ दहा वर्षं चुकीच्या किंवा अर्धवट उत्तरांसोबत राहिला. या काळात त्याने केलं काय, तर जसजसे नवे जीनोम जाहीर होत गेले तसतशी त्यांत हीच रचना शोधत गेला. २००० सालापर्यंत ती वीस सूक्ष्मजीवांत सापडली होती. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या रूड यान्सेन यांच्या गटाने तिला 'क्रिस्पर' हे नाव दिलं आणि तिच्या शेजारी ठरावीक जनुकं असतात हेही दाखवलं. त्यांना म्हणतात 'कॅस' जनुकं.

मधला मजकूर कुणाचा?

आतापर्यंत सगळ्यांचं लक्ष आवर्तनांवर होतं, कारण डोळ्यांत भरत होती ती आवर्तनं. २००३ मध्ये मोहिकाने लक्ष मधल्या, वेगवेगळ्या मजकुराकडे वळवलं. या तुकड्यांना 'स्पेसर' म्हणतात. एकेक स्पेसर घ्यायचा आणि जगभराच्या खुल्या डेटाबेसमध्ये टाकून विचारायचं की हा मजकूर आणखी कुठे आढळतो का.

ई. कोलायच्या एका स्पेसरचं उत्तर आलं: पी१ नावाच्या फाजमध्ये. आणि तो स्पेसर ज्या वाणात होता, तो वाण पी१ला दाद देत नाही हे आधीपासून माहीत होतं. मग त्याने सुमारे ४,५०० स्पेसर तपासले. ८८ तुकड्यांचं मूळ सापडलं आणि त्यांतले दोन तृतीयांश विषाणूंशी किंवा एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाणाऱ्या प्लाझ्मिडांशी जुळत होते. म्हणजे जिवाणू आपल्या शत्रूंचे तुकडे स्वतःच्या जीनोममध्ये जपून ठेवत होते. जिवाणूंनाही आजाराची आठवण राहते!

हा पेपर चार नियतकालिकांनी नाकारला. काहींनी तर परीक्षकांकडे पाठवलाही नाही. शेवटी तो फेब्रुवारी २००५ मध्ये छापून आला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं. क्रिस्तीन पुर्सेल यांचा गट प्लेगच्या जिवाणूचे वाण ओळखायची पद्धत शोधत होता. त्यांच्याकडे व्हिएतनाममधल्या १९६०च्या दशकातल्या प्लेगच्या साथीत जमा केलेले नमुने होते. दुसरा गट अलेक्झांडर बोलोटिन यांचा. त्यांनी २००४ मध्ये आपल्या दह्याच्या जिवाणूचे, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसचे, दोन संपूर्ण जीनोम जाहीर केले होते. सुमारे १८ लाख अक्षरांचा जीनोम, आणि त्यातली दहा टक्के जनुकं मोडून निकामी झालेली. दुधासारख्या आयत्या घरात राहायला लागल्यावर बरीच हत्यारं लागेनाशी झाली असावीत. पण क्रिस्पर मात्र शाबूत होतं.

तीनही गटांकडे पुरावा होता तो फक्त संगणकावरचा, मजकूर जुळतो एवढाच. जिवाणू खरोखर याच यंत्रणेने वाचतो, हे अजून कुणी प्रयोगाने दाखवलं नव्हतं. ते दाखवायला विद्यापीठ नव्हे, डेअरीचं कल्चर विकणारी कंपनी पुढे आली.

कंपनीच्या फ्रीजरमधला इतिहास

फिलीप होर्वाथ २०००च्या अखेरीस फ्रान्समधल्या रोडिया फूड या कंपनीत लागले. २००४ मध्ये ती डॅनिस्को या डॅनिश कंपनीने विकत घेतली. त्यांचं काम साधं होतं: कंपनीचे कल्चर-वाण डीएनएवरून ओळखण्याची पद्धत बसवायची. म्हणजे बारकोड. २००२च्या सुमारास एका परिषदेत त्यांनी क्रिस्परबद्दल ऐकलं. दर वाणातले स्पेसर वेगळे असतील तर बारकोडसाठी याहून सोयीचं काय?

कंपनीकडे वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेल्या वाणांचा साठा होता. मूळ वाण, फाजच्या हल्ल्यातून वाचलेले त्याचे वंशज, आणि ते ते फाजसुद्धा, सगळं तारखांसकट. बारकोड वाचता वाचता होर्वाथ यांना दिसलं की जे वाण फाजला दाद देत नाहीत, त्यांच्यात मूळ वाणापेक्षा काही स्पेसर जास्त आहेत.

पुढचा प्रयोग अमेरिकेतले रुडॉल्फ बारांगू आणि क्वेबेकमधल्या लाव्हाल विद्यापीठातले फाजतज्ज्ञ सिल्व्हां मुआनो यांच्यासोबत झाला. २३ मार्च २००७ रोजी तो 'सायन्स'मध्ये आला. प्रयोगाची मांडणी मी माझ्या ज्युनियरना नेहमी दाखवते, कारण ती एका पानावर मावते.

पहिली पायरी: एका संवेदनशील वाणावर दोन फाज सोडले, कधी एकेक, कधी दोन्ही एकत्र. त्यातून वाचलेले नऊ वाण वेगळे काढले.

दुसरी पायरी: त्या नऊंचं क्रिस्पर वाचलं. प्रत्येकात एक ते चार नवे स्पेसर आले होते, आणि त्यांचा मजकूर हल्ला करणाऱ्या फाजच्या मजकुराशी जुळत होता. एका अक्षराचा फरक असला तरी संरक्षण मिळत नव्हतं.

इथे थांबले असते तरी पेपर झाला असता. पण हा नुसता सहसंबंध आहे. वाचले म्हणून स्पेसर आले, की स्पेसर आले म्हणून वाचले?

म्हणून तिसरी पायरी: एका वाचलेल्या वाणातले स्पेसर काढून संवेदनशील वाणात बसवले. तो प्रतिकारक झाला. प्रतिकारक वाणातले ते स्पेसर काढून टाकले. त्याचा प्रतिकार गेला.

चौथी पायरी: शेजारची कॅस जनुकं एकेक करून बंद पाडली. त्यातलं एक बंद केल्यावर स्पेसर असूनही संरक्षण मिळेना. तेव्हा त्याला कॅस५ म्हणत होते. आज आपण त्याला कॅस९ म्हणतो.

१९३५ पासून डेअऱ्या जे करत होत्या, त्याचा एक मोठा खुलासा इथे मिळाला. वाचलेले वाण नशिबाने वाचले नव्हते. त्यांनी शत्रूची नोंद करून ठेवली होती. व्यवहारात याचा फायदा सरळ होता. फाजचा हल्ला घडवायचा, वाचलेल्यांचं क्रिस्पर वाचायचं, कुठला स्पेसर मिळाला ते पाहायचं, मग दुसरा फाज सोडायचा, असं करत संरक्षण थरावर थर चढवता येतं. जिवाणू स्पेसर आपणहून घेतो, बाहेरून जनुक घालावं लागत नाही, त्यामुळे असं कल्चर जनुकीय फेरफार केलेल्या जिवाणूंत गणलं जात नाही. पुढे अशी कल्चर खरोखरच बाजारात आली.

कात्री आणि तिचे हक्कदार

यापुढचा भाग तुम्ही वाचलेला असतो, म्हणून झटपट सांगते. २००८ मध्ये कळलं की स्पेसरवरून आरएनए बनतो आणि तोच दिशा दाखवतो. २०१० मध्ये मुआनो यांच्या गटाने, पुन्हा त्याच दह्याच्या जिवाणूत, दाखवलं की फाजचा डीएनए ठरावीक जागी कापला जातो. २०११ मध्ये एमान्युएल शार्पांतिए यांना दुसरा एक गरजेचा आरएनए सापडला. २०१२ मध्ये शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी दोन्ही आरएनए जोडून, हवा तो मजकूर कापणारी कात्री परीक्षानळीत चालवून दाखवली. २०१३ च्या सुरुवातीला ती मानवी पेशींत चालली.

पण २०१२ मध्येच लिथुआनियाच्या विर्जिनियस शिक्श्निस यांनीही, दह्याच्या जिवाणूतलंच कॅस९ घेऊन, जवळपास तेच दाखवलं होतं. त्यांचा पेपर एप्रिलमध्ये एका नियतकालिकाने परीक्षणाला न पाठवताच परत केला आणि सप्टेंबरमध्ये दुसरीकडे आला. डाउडना-शार्पांतिए यांचा जूनमध्ये आला होता.

इतिहास म्हणून वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जानेवारी २०१६ मध्ये एरिक लँडर यांनी 'सेल'मध्ये क्रिस्परचा इतिहास लिहिला. मोहिका आणि होर्वाथ यांच्या कथा अनेकांपर्यंत पोचल्या त्या या लेखामुळे. पण लँडर ज्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचे प्रमुख होते, तीच संस्था डाउडना यांच्या विद्यापीठाशी पेटंटसाठी भांडत होती, आणि लेखात त्याचा उल्लेख नव्हता. त्यावर मोठी टीका झाली. लेख टाकाऊ आहे का? नाही. पण 'कोण सांगतंय आणि त्याचं काय पणाला लागलंय' हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासालाही लावायचा असतो.

दह्यापासून रक्तापर्यंत

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. कॅसजेवी, सिकलसेल या आजारासाठी. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या बऱ्याच भागांत हा आजार घराघरांत ठाऊक आहे.

उपचारामागचा विचारही जीनोमिक्सने दिला. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन यांनी नोंदवलं होतं की तान्ह्या बाळांत हा आजार दिसत नाही, कारण त्यांच्या रक्तात अजून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं. भारतातल्या पुष्कळ रुग्णांत हे हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि त्यांचा त्रास तुलनेने सौम्य असू शकतो. मग ते जन्मानंतर बंद कोण करतं? २००७-०८ मध्ये अनेक माणसांचे जीनोम ताडून पाहताना बोट दाखवलं गेलं बीसीएल११ए या जनुकाकडे. कॅसजेवीत रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढतात, रक्तपेशींत या जनुकाला चालू ठेवणारा खटका कॅस९ने मोडतात, आणि पेशी परत देतात. मधल्या काळात केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते.

मान्यतेच्या वेळी अमेरिकेत याची किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. धडगावच्या घरात या आकड्याला काय अर्थ आहे? तिथे आज कामाला येते ती वेळेवर केलेली रक्ततपासणी, हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि समुपदेशन. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भरही तपासणीवरच आहे. तेव्हा 'उपयोग झाला' असं म्हणताना 'कुणाला' हाही शब्द जोडायला हवा. त्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळा एकटी देऊ शकत नाही.

तर, उपयोग काय?

ही सगळी साखळी पुन्हा पाहिली की मला तीन गोष्टी दिसतात. अर्थ न लागणारी निरीक्षणंही नीट नोंदवणारी माणसं. सगळ्यांना खुला असलेला डेटाबेस. आणि तारीख घालून जपलेले जुने नमुने. यांतलं एक जरी नसतं तरी साखळी तुटली असती.

तिसऱ्याकडे आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. अमेरिकेत १९८८ मध्ये विला नावाच्या काळ्या पायांच्या फेरेटच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. या जातीचे आजचे जवळजवळ सगळे फेरेट अवघ्या सात प्राण्यांचे वंशज आहेत, आणि विला त्या सातांत नव्हती. तिच्या जीनोममध्ये आजच्या फेरेटांत नसलेलं वैविध्य आहे हे नंतर कळलं, आणि १० डिसेंबर २०२० ला तिचा क्लोन जन्मला. १९८८ मध्ये ती नळी फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्याला कुणी 'उपयोग काय' विचारलं असतं, तर तो काय बोलला असता?

मागच्या वर्षी आमच्या लॅबचा डीप फ्रीजर बंद पडला. अर्ध्या नळ्यांवरची नावं पुसली गेली होती. आधीच्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेले नमुने कुठले, कधीचे, काहीच कळेना. ते आम्ही टाकून दिले. त्यात काय होतं हे आता कधीच कळणार नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक नळीवर तारीख, जागा आणि माझं नाव लिहिते, आणि तेच वहीतही उतरवते.

पुढच्या आढाव्यात सरांनी तोच प्रश्न विचारला तर या वेळी मोघम बोलणार नाही. हे निरीक्षण आज कुठे बसतं ते मला ठाऊक नाही, असं सरळ सांगेन. आणि ज्याला उद्या ते लागेल त्याला सापडावं म्हणून मी काय काय करून ठेवलंय, त्याची यादी दाखवेन.